व्हीटीयूची सीजीपीए आणि निकाल-सेवा: आठ म्हणजे नक्की किती?

आधी निवाडा, मग हिशेब. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात, म्हणजे मच्छेच्या ज्ञानसंगमातून चालणाऱ्या आपल्या व्हीटीयूत, ८ च्या वर सीजीपीए (पूर्ण डिग्रीच्या ग्रेड-पॉइंटची दहापैकी सरासरी) असेल तर चांगली म्हणावी, ८.५ च्या वर असेल तर उत्तम. ७ ते ८ मधला इंजिनिअर कुठे अडत नाही, पण प्रत्येक फॉर्मची अट त्याला नीट वाचून घ्यावी लागते. २०१८ च्या स्कीमला, म्हणजे त्या सालच्या अभ्यासक्रम-नियमांना, ६.७५ च्या खाली मात्र दारं बंद व्हायला लागतात, आणि ती ६ ला नाही, ६.७५ लाच का बंद होतात, हे बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षी कॅम्पसच्या वेळी कळतं.

त्याचं कारण सूत्रात आहे. २०१८ च्या स्कीमला सीजीपीएमधून ०.७५ वजा करून १० ने गुणायचं, की टक्के मिळतात. म्हणजे ८ चे ८० टक्के होत नाहीत, ७२.५ होतात. डिस्टिंक्शनचे ७० टक्के ७.७५ ला आणि फर्स्ट क्लासचे ६० टक्के ६.७५ ला. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांची नेहमीची अट दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे ६० टक्के अशी असते. तिथे ६.५ वाला ५७.५ टक्क्यांवर अडकतो. पुण्या-कोल्हापूरच्या नोकरीच्या फॉर्मवर सरळ दहाने गुणून ८० टाकणारेही असतात. कागदपत्रं तपासताना ते उघडं पडतं आणि आलेली ऑफर जाते. सूत्र आपल्या स्कीमच्या नियमावलीतूनच घ्यावं. २०२२ वाल्यांनी सीनिअरचा आकडा उचलू नये.

ग्रेडिंग कसं आहे? निरपेक्ष आहे. वर्गात पहिला आलास म्हणून ग्रेड वाढत नाही आणि गणिताचा पेपर सगळ्यांनाच कठीण गेला म्हणून कुणी पट्टी खाली आणत नाही. २०२२ च्या स्कीमला ९० च्या वर १० पॉइंट, ८० ला ९, ७० ला ८, ६० ला ७. इथपर्यंत पायऱ्या दहा-दहाच्या आहेत. त्याखाली जिना एकदम उभा होतो: ५५ ला ६, ५० ला ५ आणि ४० ते ४९ ला फक्त ४. म्हणजे ६० चे ४९ झाले तर अकरा मार्कांत तीन पॉइंट गेले, तर ८० चे ९० केले तरी दहा मार्कांत एकच पॉइंट मिळतो. सीजीपीए वाढवायची असेल तर आवडीच्या विषयात ९० च्या मागे लागण्याआधी पन्नाशीत रेंगाळणारा विषय साठीच्या वर काढावा. अभ्यासाचा तेवढाच वेळ तिथे दुप्पट फळतो. हुशार पोरं नेमकं उलट करतात.

दुसरं वजन क्रेडिटचं, म्हणजे अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला दिलेल्या भाराचं. वीस क्रेडिटच्या सेममध्ये चार क्रेडिटच्या विषयात एक पॉइंट गेला तर एसजीपीए (त्या एका सेमची सरासरी) ०.२ ने उतरते, एका क्रेडिटच्या विषयात फक्त ०.०५ ने. २०२२ च्या स्कीमला पूर्ण डिग्री १६० क्रेडिटची असल्याने तोच चार क्रेडिटचा एक पॉइंट शेवटच्या सीजीपीएत ०.०२५ एवढाच उरतो. हे दिलाशाचंही आहे आणि धोक्याचंही. पहिल्या वर्षाच्या ४० क्रेडिटला ६.५ पडली असेल, तर शेवटी ८ यायला उरलेल्या १२० क्रेडिटला सरासरी ८.५ पाहिजे, जी मेहनतीने जमते. पण तीन वर्षं ७.६ वर काढून शेवटच्या ४० क्रेडिटमध्ये ८ गाठायची म्हटली, तर ९.२ लागते. प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपला क्रेडिट मोठे असल्याने ते अगदीच अशक्य नाही, तरी त्या भरवशावर राहू नये. सीजीपीए काढताना आठ सेमच्या एसजीपीए बेरजून आठाने भागू नयेत. क्रेडिट कमीजास्त असले की उत्तर चुकतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा हिशेब तिसऱ्या सेमपासून सुरू होतो, त्यामुळे त्यांना सावरायला जागा आणखी कमी.

याच स्कीमला इंटर्नल (कॉलेजातल्या टेस्ट वगैरेंचे मार्क) ५० आणि विद्यापीठाची परीक्षा ५०, ती १०० च्या पेपरवरून निम्मी केलेली. इंटर्नलला ४६ असतील तर ८० साठी पेपरात ६८ पुरतात. ३८ असतील तर ८४ लागतात. पेपरच्या रात्री जागून सोळा मार्क वाढवण्यापेक्षा वर्गातल्या टेस्टला आठ मार्क वाढवणं केव्हाही सोपं. पास होण्याच्या अटीतही एक खाच आहे. इंटर्नलला किमान २०, परीक्षेत किमान १८, आणि दोन्ही मिळून ४०. वीस अधिक अठरा अडतीस होतात. दोन्हीकडे काठावर पास झालेला एकूणात नापास होतो, आणि बॅक लागतो, म्हणजे विषय पुन्हा द्यावा लागतो.

पेपरची रचना सीनिअरच्या सल्ल्याला दाद देत नाही. २०१० च्या स्कीमला आठ प्रश्नांतले पाच सोडवायचे असत, दोन्ही भागांतून किमान दोन, म्हणून काही युनिट ऑप्शनला टाकता यायची. आता पाच मॉड्यूल, प्रत्येकातून वीस मार्कांचे दोन प्रश्न, त्यातला एक सोडवायचाच. ऑप्शन मॉड्यूलच्या आत आहे, मॉड्यूलला नाही. एक मॉड्यूल सोडलं की पेपरचे २० मार्क गेले, म्हणजे विषयाच्या एकूण शंभरातले १०, म्हणजे साठीच्या वर जवळजवळ हमखास एक पॉइंट. काका-मामांच्या काळातली ‘दोन युनिट सोड रे’ ही युक्ती आता अशी महाग पडते.

आता सेवेबद्दल. निकाल ऑनलाइन, यूएसएन (विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक) टाकून पाहायचा. यूएसएनचा पहिला आकडा २ म्हणजे बेळगाव विभाग, पुढची अक्षरं कॉलेजची, मग प्रवेशाचं साल, मग शाखा. पानावर इंटर्नल, एक्स्टर्नल, एकूण आणि पास-नापास स्वच्छ दिसतं, पण एसजीपीए आपली आपण काढायची. इथे बाहेरच्या कॅल्क्युलेटर ॲपवर विसंबणारे फसतात: स्कीम चुकीची निवडली की क्रेडिट बदलतात, आणि आकडा बरोबर दिसत राहतो. विषयाचे क्रेडिट अभ्यासक्रमाच्या तक्त्यात असतात. कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत होणारं काम आहे.

रिव्हॅल्युएशन (उत्तरपत्रिकेची फेरतपासणी) टाकायचं की नाही, हे भावनेवर ठरवू नये. ७८-७९, ६८-६९ अशा काठावरच्या विषयालाच ते पैसे घालावेत. पेपर निम्मा होत असल्याने एकूणात एक मार्क वाढायला पेपरात साधारण दोन वाढावे लागतात. ७३ चे ७६ झाले तर ग्रेड तीच, फी मात्र गेली. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवावी, न तपासलेलं पान किंवा बेरजेची चूक दिसते का पाहावं. इंटर्नल रिव्हॅल्युएशनमध्ये बदलत नाही. मुदत छोटी असते आणि अर्ज कॉलेजमार्फत जातो, तेव्हा निकालाच्या दिवशीच ऑफिसात चौकशी करावी.

आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टीही डिग्री अडवतात. एनएसएस, योगा यांसारख्या शून्य क्रेडिटच्या विषयांचा सीजीपीएला फरक पडत नाही, पण ते पास व्हावेच लागतात. अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांचे ॲक्टिव्हिटी पॉइंटही १०० लागतात, डिप्लोमावाल्यांना ७५.

बेळगावात तुलना सगळीकडून होते, आणि बहुतेक चुकीची होते. उद्यमबागेतलं जीआयटी (गोगटे इन्स्टिट्यूट) स्वायत्त आहे: डिग्री व्हीटीयूची, पेपर मात्र कॉलेजचा. तिथली ८.६ आणि विद्यापीठाचा पेपर देणाऱ्या कॉलेजातली ८.१ शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतली मराठी मातृभाषेची मुलं महाराष्ट्राच्या सीईटीत ‘टाइप ई’ या सीमाभागासाठीच्या गटातून कोल्हापूर-पुण्याला जातात. त्यांच्या विद्यापीठाचं टक्क्यांचं सूत्र वेगळं, म्हणून एकाच वाड्यातल्या दोन भावंडांचे आकडे लग्नाच्या मांडवात मोजू नयेत.

बाहेरदेशी जाणाऱ्यांसाठी जर्मनीचा हिशेब सगळ्यात स्पष्ट. कमाल १० मधून आपली सीजीपीए वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास यांच्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. किमान ४ धरली तर ८ ची २.० होते आणि ७ ची २.५. किमान ५ धरली तर ८ ची २.२ होते, आणि २.५ साठी ७.५ लागते. बऱ्याच कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगली ग्रेड हवी असते, त्यामुळे ७ ते ७.५ मधल्यांनी किमान किती धरतात हे त्या विद्यापीठाला ईमेलने आधीच विचारावं. अमेरिकेच्या फॉर्मवर सीजीपीएला २.५ ने भागून चारपैकीच्या मापात आणू नका. दहापैकी किती तेच लिहा आणि ट्रान्सक्रिप्ट जोडा.

आमचे मार्क: हिशेबाच्या पारदर्शकपणाला १० पैकी ८, निकालाच्या मांडणीला ५. एसजीपीए निकालाच्या पानावरच छापली तर दुसरा आकडा लगेच सातवर नेऊ.