नेव्ही ब्लू सूट, हिवाळा ते पावसाळा: शिवून घेतलेल्या सूटचा वापरानंतरचा अनुभव

थंडीत शिवून घेतलेला नेव्ही ब्लू टू-पीस सूट उन्हाळा काढून आता पावसाळ्यात आलाय. ऑफिस, मीटिंगा, लग्नं, रिसेप्शन असा सगळा वापर झाला. नव्या सूटबद्दल आरशासमोर मत बनवण्यात अर्थ नसतो. कापड, अस्तर आणि मुंढा (कोटाला बाही जोडतात ती गोलाई) यांची खरी परीक्षा मे महिन्यात होते, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

आधी काय घेतलं ते. शुद्ध लोकरीचं कापड, सुपर ११०, मीटरला साधारण २६० ग्रॅम, साध्या विणीचं. ५८ इंच पन्हा (कापडाची रुंदी) असल्यामुळे कोट आणि एका पॅन्टला सव्वातीन मीटर लागलं. कोट सिंगल ब्रेस्टेड, दोन बटणांचा, हाफ कॅनव्हास, मागे दोन्ही बाजूंना व्हेंट म्हणजे चीर, पाठीला अर्धंच अस्तर. शिवाय त्याच थानातून दुसऱ्या पॅन्टसाठी सव्वा मीटर.

‘सुपर’चा आकडा म्हणजे लोकरीच्या तंतूची बारकाई. सुपर १०० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनचा, ११० म्हणजे १८.२५, १२० म्हणजे १७.७५. आकडा चढला की कापड मऊ होतं आणि तितकंच नाजूकही. रोज खुर्चीत बसणाऱ्यानं १५० मागू नये, पॅन्ट मांडीत लवकर विरते. १०० ते १२० पुरे. दुकानात टेरीवूलच्या (पॉलिस्टर-लोकर मिश्रणाच्या) किनारीवरही ‘सुपर १२०’ छापलेलं सापडतं, पण नियमानं हा शब्द शुद्ध लोकरीसाठीच आहे. शंका आली तर कापडातून एक धागा काढून जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

उकाड्याबद्दल सगळ्यांना प्रश्न असतो. माझा अनुभव असा की लोकर त्रास देत नाही, अस्तर देतं. पॉलिस्टरच्या अस्तरात घाम अडकतो आणि कोट पाठीला चिकटतो. बेंबर्ग अस्तर कापसाच्या लिंटरपासून, म्हणजे सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून बनतं आणि घाम शोषून घेतं. पाठीला अर्धं अस्तर घेतल्यानं एप्रिल-मेमध्ये फरक स्पष्ट जाणवला. बाह्यांना मात्र पूर्ण अस्तर हवंच, नाहीतर शर्टावर कोट सरकत नाही. अर्ध्या अस्तराची शिलाई स्वस्त पडेल असं समजू नका. आतल्या उघड्या शिवणींना पायपिंग करावं लागतं, त्यात वेळ जातो.

कॅनव्हास म्हणजे कोटाच्या पुढच्या भागाला आकार देणारा आतला कापडाचा थर. त्याबद्दल टेलरशी नीट बोलून घ्या. फ्यूज्ड कोटात पुढच्या कापडाला आतून गोंदाचा थर इस्त्रीनं चिकटवलेला असतो. ड्रायक्लीनिंगनं, दमटपणानं तो सुटला की छातीवर फुगे येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. हाफ कॅनव्हासमध्ये छाती आणि लॅपलला (कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्टीला) टाक्यांनी धरलेला कॅनव्हास असतो, खालचा भाग फ्यूज्ड. काही ठिकाणी साध्या बुकरमलाही (कडक खळीच्या कापडाला) कॅनव्हास म्हणतात, त्यामुळे स्वतः तपासा. लॅपलच्या खाली, छातीजवळ, बाहेरचं कापड आणि आतली बाजू दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच वेगळी ओढायची. मध्ये तिसरा, सुटा सरकणारा थर लागला तर कॅनव्हास आहे. माझ्या कोटाचा लॅपल अजूनही वरच्या बटणापाशी गोल वळतो, घडी पडून सपाट झालेला नाही. त्याची इस्त्री करताना लॅपलची कड दाबायची नसते, हे इस्त्रीवाल्याला दरवेळी सांगावं लागतं.

आता फिटिंग. कच्च्या टाक्यांची ट्रायल देत नसेल तिथे सूट टाकू नये, इतकं माझं मत ठाम आहे. ट्रायलला जाताना जो शर्ट आणि जे बूट घालणार तेच घालून जा, खिशात पाकीट आणि मोबाइलही ठेवा. ताठ उभं राहू नका, रोजचे उभे राहता तसे राहा.

पहिली नजर कॉलरवर. कोटाची कॉलर मानेपासून सुटत असेल आणि मध्ये बोट जात असेल, तर बहुधा मान पुढे झुकलेली असते आणि पाठीची लांबी कमी पडलेली असते. संगणकासमोर बसणाऱ्यांत हे फार दिसतं. पाठ वाढवून द्यावी लागते आणि ते कच्च्या शिलाईतच जमतं. कॉलरच्या खाली पाठीवर आडवी वळी येत असेल तर खांदे चौकोनी आहेत, मागचा गळा थोडा खाली घ्यावा लागतो. खांद्यापासून काखेकडे तिरप्या चुण्या उतरत असतील तर खांदा उतरता आहे. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असतो, त्या बाजूच्या पॅडला ४ ते ६ मिलिमीटरचा जास्तीचा थर दिला की चुण्या जातात. दोन्ही बाजूंना सारखंच पॅड घालणं ही सर्रास होणारी चूक.

मुंढा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. हात मोकळा राहावा म्हणून टेलर मुंढा खोल कापतात, पण परिणाम उलटा होतो. बाही कंबरेच्या जवळ जोडली गेली की हात वर करताच अख्खा कोट वर येतो. मुंढा काखेच्या जवळ, वर असेल तर हात हलतो आणि कोट जागेवर राहतो. तपासायचं कसं? बटण लावून दोन्ही हात समोर, स्टिअरिंग धरल्यासारखे करा. कॉलर मानेवरून उठली, तर मुंढा खाली आहे. शिवून झाल्यावर मुंढा वर घेता येत नाही, कारण कापड आधीच कापलेलं असतं.

बाहीच्या मागच्या बाजूला कोपराच्या वर तिरप्या चुण्या दिसल्या तर बाही चुकीच्या कोनात बसवली आहे. ती उसवून हाताच्या कलाप्रमाणे थोडी फिरवावी लागते. हात लोंबता सोडून बघा, काहींचे हात नैसर्गिकरीत्या पुढे येतात, काहींचे सरळ खाली. बाहीखाली शर्टाचा कफ १ ते दीड सेंटिमीटर दिसायला हवा. बाहीच्या बटणांची काजं शेवटच्या ट्रायलनंतरच कापू द्या. एकदा कापली की लांबी खालून बदलता येत नाही, वरून मुंढ्यातून करावी लागते आणि खर्च वाढतो.

नंतर काय बदलतं? कोटाची कंबर दीड-दोन इंच आत-बाहेर होते, शिवणीत मार्जिन ठेवलं असेल तर. पॅन्टची कंबर, सीट, लांबी होते. खांद्याची रुंदी होत नाही म्हटलं तरी चालेल. कोटाची लांबी पाऊण-एक इंचापलीकडे घटवली की खिसे खाली आल्यासारखे दिसतात. लांबीचा ढोबळ हिशेब असा: मानेच्या मणक्यापासून जमिनीपर्यंतच्या अंतराचा निम्मा.

पॅन्टमध्ये आसन (कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतची उंची) आखूड ठेवायची फॅशन मला पटत नाही. पॅन्ट कमरेखाली बसली की कोटाच्या बटणाखाली शर्टाचा पांढरा त्रिकोण दिसतो आणि पाय आखूड वाटतात. पॅन्ट नाभीच्या जवळ यावी. माझी मापं: कंबर ३४, सीट ४०, मांडी २५, बॉटम साडेपंधरा इंच. बॉटम मागे टाचेकडे १ सेंटिमीटर खाली, आत टाचेपाशी पट्टी. पुढून गुडघ्यापर्यंत अस्तर लावलंय, त्यानं गुडघ्याला फुगा कमी येतो.

जोडण्यांबद्दल. नेव्ही कोट ग्रे पॅन्टवर घालून दोन पोशाख करायचे, हा सगळ्यांचा बेत असतो. माझ्या कोटाला तो फारसा साधला नाही. गुळगुळीत, बारीक विणीचा सूटचा कोट एकटा घातला की जोडीची पॅन्ट हरवल्यासारखा दिसतो. वेगळा वापर ठरलेला असेल तर कापडच हॉपसॅकसारखं (टोपलीसारख्या विणीचं) किंचित खरबरीत घ्या आणि बटणं गडद तपकिरी लावा. ग्रे पॅन्ट मध्यम छटेची हवी. कोळशासारखा गडद ग्रे ट्यूबलाइटखाली नेव्हीत मिसळतो आणि काळी पॅन्ट तर जोडी चुकून घातल्यासारखी दिसते. पुण्यात लक्ष्मी रोडला किंवा मुंबईत मंगलदास मार्केटला कापड घेताना तागा दारापर्यंत आणून उजेडात बघा, दिव्याखालचा नेव्ही अनेकदा उन्हात जांभळट निघतो.

शर्ट पांढरा आणि फिकट निळा, दोन्ही निभावतात. कॉलरची टोकं लॅपलखाली गेली पाहिजेत आणि मागे शर्टाची कॉलर कोटाच्या वर १ सेंटिमीटरभर दिसली पाहिजे. टायची रुंदी लॅपलच्या जवळपास ठेवा, माझा लॅपल साडेआठ सेंटिमीटर आहे आणि टाय आठ. टाय आणि रुमाल एकाच कापडाचे असे डब्यातले सेट टाळा, पांढरा सुती रुमाल केव्हाही बरा. बूट गडद तपकिरी, पट्टा त्याच रंगाचा, मोजे पॅन्टच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत. बसल्यावर नडगी दिसली की बाकी सगळी मेहनत वाया.

झीज कुठे दिसली? पहिल्या पॅन्टला आतल्या मांडीवर आणि सीटवर. दुचाकीच्या सीटवर घासून तिथे चकाकी आलीय. इस्त्री ओल्या सुती फडक्याखाली केली तर निदान तिची भर पडत नाही. कोटाच्या उजव्या खांद्यावर लॅपटॉप बॅगच्या पट्ट्यानं घासून लोकरीचे बारीक गोळे आले, तेव्हापासून बॅग हातात धरतो. दोन बटणं सैल झाली, कारण त्यांच्या खाली धाग्याचा देठ ठेवला नव्हता, नुसती टाचली होती.

पावसाळ्यात भिजलेला कोट रुंद लाकडी हँगरवर सावलीत वाळवा, वर थेट इस्त्री फिरवू नका. ड्रायक्लीनवाल्याची प्लॅस्टिकची पिशवी घरी येताच काढा, आत दमटपणा अडकून बुरशी धरते. सुती पिशवीत ठेवा, आणि कसर घामाच्या डागांवर आधी लागते म्हणून कपाटात टाकण्यापूर्वी ब्रश फिरवा. ड्रायक्लीन वर्षातून एक-दोनदाच, आणि कोट-पॅन्ट नेहमी एकत्र द्या. एकटी पॅन्ट वारंवार धुतली की रंग कोटापासून वेगळा पडतो.

दुसऱ्या पॅन्टचं गणित इथेच आहे. पॅन्ट कोटाच्या आधी संपते आणि नंतर तोच नंबर मागवला तरी रंगाई वेगळ्या खेपेची असल्यानं छटा जुळत नाही. म्हणून दोन्ही पॅन्टी एकाच वेळी कापून घ्या, आलटून पालटून वापरा, आणि दोन्ही ड्रायक्लीनला कोटासोबत जाऊ द्या. दोन्हींच्या मागच्या शिवणीत दीड इंच मार्जिन सोडायला टेलरला कापण्याआधीच सांगून ठेवा.