खुराड्याला जाळी: षटकोनी की वेल्डेड?

षटकोनी जाळी स्वस्त, हलकी, हवी तशी वळते. पण ती कोंबड्यांना आत ठेवते. मुंगसाला बाहेर ठेवेलच असं नाही. तार पातळ, गंजली की तुटते. शिवाय मोठ्या भोकांतून पंजा सहज आत जातो.

अर्धा इंच चौकटीची वेल्डेड जाळी महाग, कापताना बोटं सोलवटतात ती वेगळीच. तरी खालच्या भागाला तीच हवी. उकरणाऱ्यांसाठी तिचाच फूट-दीड फुटाचा पट्टा बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून वर माती लोटा. घूस भिंतीच्या बुडाशीच उकरते, मागे सरकून सुरुवात करायचं तिला सहसा सुचत नाही.

छताला षटकोनी चालते म्हणतात. उदमांजर चढणारं असेल तर मी तिथेही वेल्डेडच लावेन, तीही पिनांऐवजी स्क्रू-वॉशरने.