बिल नको म्हणालो, तिथेच फसलो

कराडला आमच्या दारात ताडपत्रीखाली एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी आहे. येणारा-जाणारा विचारतो, "काका, यंदा कुठं दौरा?" पहिल्या वर्षी मी काहीतरी थाप मारायचो. पण गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी "आम्हालाही कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, करून घ्यायचीय, कुणाकडे देऊ?" असं विचारलं, तेव्हा ठरवलं की झालं ते लिहूनच काढावं.

३२ वर्षं विजेच्या कामात काढून मी २०२२ मध्ये निवृत्त झालो. बायकोच्या गुडघ्यांमुळे लॉजचे जिने नकोत, आणि आपल्या गाडीत आपला पलंग, आपला चहा, आपलं संडास असावं एवढीच हौस होती. २०१७ची एक शाळेची बस, हीच टेम्पो ट्रॅव्हलर, ५ लाख ४० हजारांना मिळाली. इंजिन चांगलं होतं, आजही आहे. आतलं घर करून देणारा कारखाना पुण्याच्या अलीकडे हायवेला लागून होता. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

मालक तिशी-पस्तिशीचा, गोड बोलणारा. पहिल्या भेटीत मी "साहेब" होतो, दुसऱ्या भेटीत "काका" झालो. "काका, आपलीच गाडी समजून करतोय." बायकोने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कामं एवढी जोरात आहेत म्हणतोय, मग मागच्या बाजूला पाच गाड्या धूळ खात का उभ्यात?" मी म्हणालो, नंबर लागलेले असतील. एका गाडीच्या चाकाखाली गवत गुडघाभर वाढलं होतं, तेही मी पाहिलं होतं.

मग तो व्यवहार झाला, ज्याची मला खरी लाज वाटते. तो म्हणाला, "पक्क्यात घेतलं तर जीएसटी धरून साडेअकराच्या वर जाईल. कच्च्यात नऊ लाख ऐंशी." मी हिशेब केला, पावणेदोन लाख वाचतात. ३ लाख २० हजार बँकेतून दिले, त्याचं बिल 'फर्निचर वर्क' म्हणून. उरलेले ६ लाख ६० हजार रोख, तीन हप्त्यांत. त्याची नोंद एका पिवळ्या चिठोऱ्यावर, खाली सही नाही, नुसती त्याची रेघोटी. त्या दिवशी घरी येताना मी खुशीत होतो.

अडीच महिन्यांचं काम आठ महिने चाललं. पत्रा उघडा असताना, पॅनेलिंग मारायच्या आधी, आत काय भरतोयस ते बघायला येतो असं मी दोनदा म्हणालो. एकदा "पेंटचा वास आहे, काका, डोकं दुखेल", दुसऱ्यांदा "कारागीर गावी गेलेत". त्याऐवजी व्हॉट्सॲपवर फोटो यायचे. जाडजूड तांब्याची केबल, केबलच्या टोकांना नीट दाबलेले लग, प्लायवर आयएस ७१०चा शिक्का. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला टिकणारा. फोटो खरेच होते, फक्त ते माझ्या गाडीचे नव्हते. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा भिंती बंद झालेल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये गाडी ताब्यात मिळाली. नारळ फोडला, पेढे वाटले. बायकोने खणाचे पडदे शिवून नेले होते, जांभळ्या खणाला हिरवा काठ. ते लावून कारखान्याच्या पोराने मोबाईलवर व्हिडिओ काढला. आत दिवे लागले, फ्रिज गार, पंखा फिरतोय. सगळं झकास दिसत होतं, कारण गाडीला बाहेरून कारखान्याची वीज जोडलेली होती. ती काळी केबल दारामागून आत गेलेली मला दिसत होती. ती उपटून "आता दाखव" म्हणायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दिवाळीनंतर पहिला दौरा, कुंभार्ली घाटातून गुहागर. घाटात वळणावळणाला भिंतीतून किर्रर्र किर्रर्र आवाज. पुढे कळलं, तो थर्माकोल होता. पत्र्याच्या आत एक्सएलपीई फोम, उष्णता अडवणारा, चिकटवायचं ठरलं होतं. त्याने फ्रिजच्या खोक्यांतले थर्माकोलचे तुकडे कोंबले होते. गुहागरला रात्री मुक्काम केला. सकाळी फ्रिज बंद, दूध नासलेलं, चिपळूणला घेतलेले बांगडे फेकून दिले.

इथे माझं जुनं डोकं जागं झालं. ठरलं होतं २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी. १२.८ व्होल्टला ती २५६० वॅट-अवर होते. घरी येऊन ती पूर्ण चार्ज केली आणि इन्व्हर्टरवर १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब लावून घड्याळ लावून बसलो. इन्व्हर्टरची घट धरूनही अकरा तास जायला हवेत. साडेपाच तासांत अंधार. बॅटरीचा पत्र्याचा डबा पॉप रिव्हेटने बंद केलेला होता, बीएमएसचं, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचं, ॲपही दिलेलं नव्हतं. रिव्हेट ड्रिलने काढले. आत नव्या निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गोल सेल, सौर पथदिव्यांत असतात तसे, ३.२ व्होल्ट ६ अँपिअर-अवरचे. मोजले: ७२. चारच्या मालिकेत लावले की समांतर येतात १८, म्हणजे १०८ अँपिअर-अवर. एकाचं निळं प्लास्टिक ब्लेडने कापलं, तर खाली आणखी एक प्लास्टिक, खरचटलेलं, त्यावर कुणीतरी मार्करने आकडा लिहिलेला. सेलही जुनेच. कुणाला तपासायचं असेल तर सोपं आहे: डबा बंद करायच्या आधी सेल मोजा, किंवा बल्ब आणि घड्याळ घेऊन बसा.

त्याहून वाईट गोष्ट डब्याबाहेर होती. १५०० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण भाराने चालला तर सव्वाशे अँपिअरच्या वर करंट ओढतो. त्याला किमान ३५, खरं तर ५० चौरस मिलिमीटरची केबल लागते आणि बॅटरीच्या अगदी टोकाला फ्यूज. माझ्या गाडीत १० चौरस मिलिमीटरची वायर होती. फ्यूज नव्हताच. वायरचं आवरण हाताला मऊ लागलं आणि जळकट वास आला. त्यावर आमचा पलंग. आयुष्यभर मी लोकांना लोड आणि वायरचा हिशेब सांगत आलो, आणि स्वतःच्या पलंगाखालची फळी उचलली नाही. लिहिताना अजून कानशिलं तापतात.

गॅसचं कपाट तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या तळाला बाहेर उघडणारं भोक लागतं, आणि कपाट गाडीच्या आतल्या बाजूने हवाबंद. इथे उलटं होतं, तळ बंद आणि फट पलंगाकडे. ते भोक मीच पाडलं. पाण्याची टाकी १५० लिटरची म्हणून पैसे घेतलेले. २० लिटरच्या कॅनने भरत गेलो, चार कॅन झाले, पाचवा निम्मा ओतताच ओव्हरफ्लोमधून धार लागली. नव्वद. यावर बायको हसली, तेवढाच विनोद.

पावसाळ्यात छप्पर गळलं. छताला भोक पाडून पंखा बसवताना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटऐवजी बाथरूमचं सिलिकॉन फासलं होतं, गाडी हलते तसं ते सुटलं. पाणी पॅनेलमागून प्लायमध्ये उतरलं. ऑगस्टमध्ये पलंगाखाली हात घातला तर फळीचे थर बोटांत सुटून आले. शिक्का वगैरे काही नव्हता. नवी गाडी घ्याल तेव्हा उन्हाळ्यातही छतावर अर्धा तास पाइपने पाणी मारून घ्या, आणि मग आत कोपऱ्याकोपऱ्यात हात फिरवा.

हे सगळं पैसे ओतून दुरुस्त होतं. केबल, फ्यूज मी बदललेही. गाडी ताडपत्रीखाली आहे ती कागदामुळे.

"आरसीचं काम आमच्याकडे लागलं, काका, एजंट आपला आहे." गाडीसोबत त्याने एक मंजुरीचं पत्र दिलं, झेरॉक्स. गोल शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं होतं. मी ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं. गाडी पिवळ्या पाटीचीच होती, २०२४ मध्ये फिटनेसची तारीख आली. निरीक्षकाने दार उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, "आरसीवर १७ सीट आहेत. कुठायत?" मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, संगणकावर बघितलं आणि म्हणाले, असं पत्र आमच्याकडून गेलेलंच नाही. मग शांतपणे समजावलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलंय. कलम १८२अ प्रमाणे दर बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तेही गाडीच्या मालकाला. कारखानदाराच्या नव्हे, माझ्या नावावर. वर विमा कंपनीला बदल कळवलेला नाही, म्हणजे उद्या अपघात झाला तर दावा नाकारायला त्यांना आयतं कारण.

कायदेशीर रस्ता आहे, तो मला आधी माहीत करून घ्यायला हवा होता. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. जो धड काम करतो त्याच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून त्याप्रमाणे मंजुरी मिळालेली असते. ते प्रमाणपत्र मागा, गाडीचं मॉडेल त्यात आहे का बघा, आणि ते घेऊन आधी स्वतःच्या आरटीओत जाऊन विचारा. एजंटला नको. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-वाहतूक गाड्यांत मोडते, पांढरी पाटी मिळू शकते. काम झाल्यावर एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. वाहन वर्गात 'कॅम्पर व्हॅन' दिसत नसेल तर शेवटचा हप्ता देऊ नका. माझ्या गाडीपुढे आजही 'बस' दिसतं.

मी कारखान्यावर गेलो. मालक भेटला नाही, फोन उचलेना. गेटवर नगरचे एक गृहस्थ भेटले, त्यांची गाडी माझ्याही आधीपासून आत अडकलेली. चाकाखालचं गवत त्यांच्याच गाडीचं. चहाच्या टपरीवर बसलो, त्यांनीही तसंच फोल्डर काढलं. पत्र तेच, शिक्का तोच. दोन्ही झेरॉक्स टेबलावर शेजारी ठेवली. जावक क्रमांकही तोच, तारीखही तीच, फक्त गाडीचा नंबर वेगळ्या टायपात चिकटवलेला. त्यांच्या गाडीचं काम तेव्हा निम्मंसुद्धा झालं नव्हतं.

पोलिसात आम्ही दोघांनी मिळून बनावट पत्राची तक्रार दिली. ग्राहक आयोगात मी २०२५ मध्ये ई-जागृती या ऑनलाइन पोर्टलवरून तक्रार दाखल केली, दोन वर्षांच्या मुदतीला तीन महिने उरले असताना. ज्यांना गरज असेल त्यांच्यासाठी: ५० लाखांपर्यंत दिलेल्या रकमेचं प्रकरण जिल्हा आयोगात जातं, ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा क्रमांक आहे. वकील सक्तीचा नाही, पण मी केला. त्याने फाइल चाळून पहिलाच प्रश्न केला, "साहेब, ९ लाख ८० हजार दिल्याचा पुरावा?" मी पिवळा चिठोरा दाखवला. त्याने चष्मा काढून पुसला. कागदावर मी ३ लाख २० हजारांचं फर्निचर घेतलंय. बॅटरीची क्षमता, केबलची जाडी, टाकीचे लिटर, यातलं अक्षर कुठे लिहिलेलं नाही. समोरच्या वकिलाने उत्तरात नेमकं तेच म्हटलंय: फर्निचर दिलं, ते आहे. पावणेदोन लाख वाचवायला गेलो आणि साडेसहा लाखांचं तोंड स्वतःच शिवून घेतलं. रोखीचं बोलायचं तर तेही बोलता येत नाही मोकळेपणी, तुमच्याकडे एवढी रोकड कुठली, हा पुढचा प्रश्न.

आता मला कुणी विचारलं तर मी त्याला कारखान्यात उभ्या गाड्यांच्या चाकाखाली बघायला सांगतो. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधायला सांगतो: वायरिंग उघडं असताना एक, पॅनेलिंग झाल्यावर एक, आरसी हातात आल्यावर शेवटचा आणि मोठा. ताबा घ्यायच्या आधी कारखान्याच्या आवारातच, बाहेरची केबल काढून, एक रात्र गाडीत झोपा. सकाळी दूध तपासा. आणि पाणी, गॅस, सामान, माणसं भरून गाडी वजनकाट्यावर न्या. मी साखर कारखान्याच्या काट्यावर नेली, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा १८० किलो जास्त भरली, आणि तेव्हा टाकी नव्वदचीच होती.

पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. परवा भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली, वेगळं नाव, वेगळा पत्ता, 'तुमचं फिरतं घर, ७५ दिवसांत'. व्हिडिओत फ्रिज उघडतो, दिवे लागतात, पंखा फिरतो. बायको चष्मा लावून जवळ आली, बघितलं आणि म्हणाली, "हे पडदे माझे आहेत."