स्वप्नात जागं करणारी पट्टी: 18 रात्रींनंतर

ऑनलाइन मागवलेली डोळ्यांवरची पट्टी, आत दोन बारीक लाल दिवे. स्वप्न सुरू झालं की ते लुकलुकतात, तो उजेड स्वप्नात शिरतो आणि आपल्याला कळतं की 'अरे, हे तर स्वप्न!' असा दावा. साडेचार हजार मोजले.

कल्पना थोतांड नाही हं. 1975 मध्ये इंग्लंडात, हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्लीने झोपेत, स्वप्नातूनच, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण केली आणि यंत्राने ती टिपली. स्वप्नाच्या झोपेत अंग लुळं पडतं, डोळे तेवढे हलतात, म्हणून ही युक्ती. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी अशी दिव्यांची पट्टीही बनवली.

माझ्या पट्टीला मात्र स्वप्न ओळखताच येत नाही. पाठ टेकून पंधरा मिनिटं होत नाहीत तोच लुकलुक सुरू. पट्टा कानामागे काचतो. कुशीवर वळलं की ती नाकावर घसरते; एका रात्री हे दचकून उठले, "अगं, बॅटरी बंद कर!"

18 रात्रींत एकदाच, पहाटे पाचच्या सुमारास, माहेरच्या ओसरीवर आजी लसूण सोलत बसलेली आणि तिच्या नथीतला लाल खडा लुकलुकतोय. मला कळलं. हाक मारणार तोच जाग आली.

परत करायची मुदत दहा दिवसांची होती, ती टळली. दोन तारे, त्यातला एक नथीचा.