ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिड: मायलेज खरं, डिकी तोकडी

मारुतीच्या ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेच्या मोटरवरही चालणारी आणि ब्रेक लावला की स्वतःची बॅटरी भरून घेणारी गाडी, घ्यावी का, हे शोरूममध्ये बसून ठरत नाही. तुमचे किलोमीटर कुठे पडतात, त्यावर ते ठरतं. हिंजवडी किंवा पवईच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर अडकणाऱ्याला ही यंत्रणा पैसे परत देते. एक्सप्रेस-वेवर एकसारख्या १०० च्या वेगाने जाणाऱ्याला फारसं काही देत नाही, कारण तिथे ब्रेक लागतच नाही आणि ब्रेक लागला नाही तर बॅटरीत परत जाणार काय?

आधी हिशेब. पेट्रोल १०४ रुपये धरा. शहरात साधी पेट्रोल ऑटोमॅटिक १४ चं मायलेज देते आणि हायब्रिड २२ चं, असं धरलं तर किलोमीटरमागे साधारण २ रुपये ७० पैसे वाचतात. म्हणजे दोन मॉडेलांच्या किमतीतल्या दर एक लाखाच्या फरकासाठी सुमारे ३७,००० किलोमीटर शहरात चालवायला लागतात. फरक अडीच लाखांचा असेल तर ९२,०००. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाने हायब्रिड घ्यायची तर शांतपणासाठी आणि गिअरबॉक्ससाठी घ्यावी, बचतीच्या नावाखाली नको. कंपनीचा २७.९७ चा आकडा चाचणीतला आहे, रस्त्यावर तो गाठायच्या मागे लागू नका.

यंत्रणा टोयोटाची. १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सोबत ८० पीएसची (पीएस हे ताकदीचं माप) मोटर, दोन्ही मिळून ११६ पीएस. बॅटरी फक्त ०.७६ किलोवॅट-तासाची. प्लग लावून चार्ज करायची सोय नाही आणि गरजही नाही. गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, पण साध्या सीव्हीटीतला पट्टा यात नसतो. प्लॅनेटरी गिअर असतात आणि मोटर-जनरेटर त्यांचा ताळमेळ ठेवतात. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. बिघडायला जागा कमी, हा तिचा खरा फायदा; जाहिरातीत मात्र मायलेजच मोठं दिसतं.

आता तोटा. बॅटरी मागे ठेवल्यामुळे डिकी ३७३ लिटरवरून २६५ वर आली आहे आणि तळ उंच झालाय. मोठी सुटकेस उभी राहत नाही, आडवी टाकावी लागते. तिच्यावर केबिन बॅगा रचल्या की मागची काच झाकली जाते. गणपतीला पाच माणसं आणि आठ दिवसांचं सामान घेऊन कोकणात जायचं असेल तर छतावर कॅरियर धरूनच चाला. बुकिंगच्या दिवशी घरची सगळ्यात मोठी बॅग सोबत नेऊन डिकीत घालून बघा. विक्रेत्याला त्याचं काही वाटत नाही. उंच माणसाला मागच्या सीटवर बसवूनही बघा, कारण पॅनोरमिक सनरूफ डोक्यावरची जागा खातं. मागे तिघं बसतात, पण मधला माणूस लांबच्या प्रवासात कुरकुरणार. मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स (सीट अडकवायचे हूक) कडेच्या दोन जागांवर आहे.

सोसायटीत मेकॅनिकल पार्किंग असेल तर टेप घेऊन आधी खाली जा. गाडी ४३४५ मिमी लांब, आरसे सोडून १७९५ रुंद आणि १६४५ उंच आहे. सेडानसाठी बसवलेल्या पॅलेटवर (गाडी उचलणाऱ्या फळीवर) उंची अडते आणि हे डिलिव्हरीनंतर कळून उपयोग नाही.

कोटेशन हातात आलं की चार आकडे तपासा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे १८ लाखांच्या गाडीला २ लाख १६ हजार. कंपनीच्या नावावर घेतलीत तर २० टक्के. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर) कापला जातो, इथे १८ हजार. तो खर्च नव्हे. रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, फक्त पॅन नंबर बरोबर लिहिलाय ना ते पाहा. विमा एक वर्षाचा ओन डॅमेज (आपल्या गाडीच्या नुकसानीचा) आणि तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) असा घ्यायचा असतो आणि तो शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की बहुधा तिथलाच आकडा खाली येतो. झीरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्ट (पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचं कव्हर) घ्याच. हायब्रिड बॅटरीसाठीचं वेगळं कव्हर कुठली कंपनी देते तेही विचारा. ‘हँडलिंग चार्जेस’ अशी ओळ दिसली तर ती काढायला सांगा. पासिंगच्या सरकारी शुल्काशी तिचा संबंध नसतो.

डिलिव्हरीच्या आधीची तपासणी उजेडात करा आणि पासिंगपूर्वी करा. नंबर पडला की गाडी बदलून मिळणं विसरा. फॉर्म २२ वर (कंपनीने गाडीसोबत दिलेल्या प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो इन्व्हॉइसशी ताडून बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. पाचही टायर वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा वर्षभर जुना निघाला तर बदलून मागा. जॅक, पाना, दोन्ही किल्ल्या, सगळ्या काचा, सनरूफची जाळी, कॅमेरा. वाहतुकीसाठी टायरात हवा जास्त भरलेली असते आणि ती बरेचदा तशीच राहते. ‘सस्पेन्शन कडक आहे’ अशी पहिल्या आठवड्यातली तक्रार यातूनच येते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना हवा करून घ्या.

पूजेच्या वेळची एक गोष्ट कोणी सांगत नाही. इंजिन बंद आहे म्हणून गाडी बंद आहे असं धरू नका. मीटरमध्ये ‘रेडी’ दिवा असेल तर गाडी चालू आहे. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकलेल्या माणसासमोर ती आवाज न करता पुढे सरकू शकते आणि बोनेट उघडं असताना इंजिन आपोआप सुरू होऊ शकतं. नारळ फुटेपर्यंत पॉवर बटण बंद. २०२३ पासून कमी वेगात बाहेरच्यांना ऐकू जाईल असा आवाज गाडीत दिलेला आहे, तरी सोसायटीतली पोरं आणि कुत्री त्याला सरावलेली नसतात.

चालवायला लागल्यावर सगळ्यात आधी मोडायची सवय म्हणजे सिग्नलला न्यूट्रल. या गाडीत एन मध्ये बॅटरी चार्जच होत नाही. मोठ्या जॅममध्ये एसी लावून एन मध्ये थांबलात तर कॉम्प्रेसर बॅटरीवर चालत राहतो आणि ती रिकामी होत जाते. डी मध्ये ब्रेकवर पाय ठेवा, किंवा पी. थांबलेल्या गाडीत दर काही मिनिटांनी इंजिन सुरू होऊन बंद पडतं, ते बॅटरी भरण्यासाठी. तो बिघाड नाही. ईव्हीचं (फक्त बॅटरीवर चालवायचं) बटण पार्किंगमधून गाडी हळूच काढण्यापुरतं वापरा. बटण दाबून पेट्रोल वाचत नाही, कारण वापरलेली वीज पुढे इंजिनलाच भरून द्यावी लागते.

घाटात या बॅटरीची मर्यादा दिसते. माणसं धरून गाडीचं वजन १६०० किलो आणि उतार ५०० मीटरचा धरला तर सुमारे २.२ किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. त्यातली बरीच हवेच्या आणि टायरच्या रोधात जाते, पण ०.७६ ची बॅटरी तरीही अर्ध्या घाटाच्या आधीच भरते. भरली की मोटरचा ब्रेक ढिला पडतो आणि सगळा भार ब्रेकच्या पॅडवर येतो. म्हणून खंडाळा किंवा आंबोली उतरताना सुरुवातीलाच गिअरचा लिव्हर बी वर (इंजिनाने गाडी रोखायच्या खुणेवर) घ्या. इंजिन मोठ्याने फिरायला लागेल. ते पेट्रोल पीत नसतं, गाडी धरून ठेवत असतं. चढाला याच्या उलट. बॅटरी उतरली की तीन सिलिंडरचं इंजिन एकटंच ओढतं आणि गाडी भरलेली असेल तर त्याचा आवाज केबिनमध्ये घुमतो. ओव्हरटेकसाठी लांब जागा ठेवा.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात ही गाडी साध्या पेट्रोलपेक्षा जास्त फसवते. मोटरवर ती गुपचूप पाण्यात शिरते आणि मध्येच इंजिन सुरू होऊन पाणी आत ओढून घेऊ शकतं. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत दिसलं की मागे फिरा. आत अडकलातच तर पॉवर पूर्ण बंद करा आणि पुन्हा चालू करून बघू नका. रात्रभर पावसात उभ्या गाडीचे ब्रेक सकाळी खरखरतात. इथे डिस्क कमी वापरल्या जातात म्हणून वरचा गंज जास्त जाणवतो. दोन-चार वेळा ब्रेक दाबला की जातो. याच कारणाने पॅड मात्र खूप टिकतात.

मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. ती थंड ठेवायला केबिनमधली हवा मागच्या बाजूच्या जाळीतून ओढली जाते. जाळी नेमकी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघा, तिच्यावर पिशव्या किंवा चादरी टाकू नका आणि सर्व्हिसला ती साफ करून मागा. रस्त्यात दगा देते ती बहुधा छोटी १२ व्होल्टची. गाडी तीन आठवडे बेसमेंटमध्ये उभी राहिली किंवा मुलं ‘रेडी’ न करता गाणी ऐकत बसली की ती उतरते आणि मग मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. गाडी नुसती उभी असेल तर आठवड्यातून एकदा मोकळ्या हवेत अर्धा-पाऊण तास रेडीवर ठेवा. उतरलीच तर जंप केबल चालते, पण या गाडीवरून शेजाऱ्याची गाडी सुरू करून देऊ नका. बोनेटखालच्या नारिंगी केबलला गल्लीतल्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका, आणि वॉशिंग सेंटरवर बोनेटमध्ये प्रेशरचं पाणी मारू नका असं आधीच सांगा.