घरीच राहणे की निघून जाणे: युद्धातील वृद्धांपुढचे दोन मार्ग

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर तिथल्या आघाडीजवळच्या गावांतील तरुण निघून गेले, पण बरेच वृद्ध मागे राहिले. त्याला आपण हट्ट म्हणतो, हे मला पटत नाही. घरी राहणाऱ्याजवळ विहीर, बाग, कोंबड्या आणि ओळखीचा शेजार असतो, आणि त्याच बळावर तो वीज नसलेला हिवाळाही काढतो. मात्र औषध, सरपण आणि पेन्शन दारापर्यंत आली तरच हे शक्य होते. पेन्शन फिरत्या टपालगाडीतून येते. ९ सप्टेंबर २०२५ रोजी दोनेत्स्क प्रांतातील यारोवा गावात ती घ्यायला जमलेल्यांवर बॉम्ब पडला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली.

निघून जाण्यात जीव वाचण्याची शक्यता अर्थातच अधिक. तिथे दवाखानाही जवळ असतो. परंतु काठीवर चालणाऱ्याला निवाऱ्याचे जिने आणि सामायिक शौचालय रोज अडवतात. त्याहून जड जाते ते बिनकामाचे बसणे. युद्ध आणि धरण एक नव्हे, तरी गोसीखुर्दमुळे उठलेल्या भंडारा जिल्ह्यातील गावांच्या पुनर्वसन वसाहतींत हे समजते: ज्या आजोबांना आखरावरची, म्हणजे गावची गुरे जमतात त्या जागेवरची, प्रत्येक गाय कोणाची ते ठाऊक होते, त्यांना नव्या ओट्यावर विचारायला कोणी येत नाही.

तोफा पल्ल्यात आल्यावर निघावेच, असे माझे मत आहे. पण एकेकट्याने नव्हे, शेजाऱ्यांसह, चष्मा, औषधाची चिठ्ठी आणि पेन्शनची कागदपत्रे बरोबर घेऊन, तळमजल्यावर जागा मिळेल अशा ठिकाणी.