गल्फचा पैसा रुपयात ठेवावा की डॉलरमध्ये?

डॉलर चढला की खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळ्याकडची गल्फवाल्यांची घरं खूश असतात. यूएईचा दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ असा बांधलेला आहे, सौदीचा रियाल १९८६ पासून ३.७५ ला. म्हणजे मुलगा दुबईत असो की दम्मामला, त्याच्या पगाराचे रुपये किती होणार ते डॉलरचा भाव ठरवतो. २०२२ च्या सुरुवातीला डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५ मध्ये तो ९० च्या पुढे गेला. दहा हजार दिरहमचे तेव्हा २ लाख ४ हजार व्हायचे, ९० च्या भावाने २ लाख ४५ हजार होतात. पगार न वाढता ४० हजार वाढले.

मग घरात दोन मतं पडतात. वडील म्हणतात, भाव चांगला आहे, सगळं आत्ताच पाठव. मुलगा म्हणतो, रुपया अजून पडेल, डॉलरच राहू देत. बँकेत हाच प्रश्न एनआरई ठेव (अनिवासी भारतीयाची रुपयातली ठेव) की एफसीएनआर ठेव (त्याचीच परकीय चलनातली मुदत ठेव), असा विचारला जातो.

दोन्हींत सारखं बरंच आहे. मुलगा अनिवासी आहे तोवर दोन्हींच्या व्याजावर भारतात कर नाही. मुद्दल आणि व्याज दोन्ही परत बाहेर नेता येतं. वर्षाच्या आत मोडली तर दोन्हींत व्याज शून्य. ठेव विम्याचं संरक्षणही दोन्हींना आहे, पण एका बँकेतल्या सगळ्या ठेवी मिळून ५ लाखांपर्यंतच. रक्कम मोठी असेल तर दोन बँकांत विभागलेली बरी.

फरक आहे तो जोखमीचा. एनआरईत पैसे आले त्या दिवशीच त्यांचे रुपये होतात. पुढे रुपया पडला तर परत डॉलर घेताना कमी मिळतील. एफसीएनआरमध्ये दिरहम-रियालचे डॉलर करून ते एक ते पाच वर्षं डॉलरच राहतात, व्याजही डॉलरमध्येच मिळतं. समजा रुपयाच्या ठेवीवर साडेसहा टक्के आहेत आणि डॉलरच्या ठेवीवर साडेचार. रुपया वर्षाला दोन टक्क्यांहून कमी घसरला तर एनआरई पुढे, जास्त घसरला तर एफसीएनआर. तुमच्या बँकेचे त्या दिवशीचे दर घालून हीच वजाबाकी करा.

‘रुपया पडतच असतो’ हे अर्धसत्य आहे. २००७ मध्ये डॉलर ४० च्याही खाली आला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो ७४ च्या आसपास होता आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७५ च्या. मध्ये खालीवर झाला, पण तीन वर्षांहून जास्त काळात निव्वळ फरक एवढाच. त्या काळात डॉलर धरून बसलेल्यांनी रुपयाचं जास्तीचं व्याज घालवलं. उलट २०१३ मध्ये मे ते ऑगस्ट एवढ्यातच डॉलर ५४ वरून ६८ च्या पुढे गेला. रुपया पायरी-पायरीने उतरत नाही. बराच काळ एका जागी बसतो आणि मग एकदम घसरतो.

२०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोखेखरेदी कमी करण्याचा नुसता इशारा दिला आणि डॉलर भारतातून बाहेर पडू लागले. आपल्या सरकारने सोन्यावरचं आयातशुल्क १० टक्क्यांवर नेलं. रिझर्व्ह बँकेने बँकांना एफसीएनआरचे डॉलर आणण्यासाठी खास सवलत दिली आणि त्यातून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. डिसेंबर २०२४ मध्येही रुपया दबावाखाली असताना या ठेवींवरच्या व्याजाची कमाल मर्यादा मार्च २०२५ पर्यंत वाढवली होती. म्हणजे एफसीएनआरला चांगला दर मिळतो तो बहुधा रिझर्व्ह बँकेला डॉलर हवे असतात तेव्हा. आणि २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.२५ वर आला, तसे रुपयाच्या ठेवींचे दर उतरले. अशा वेळी दोन दरांमधलं अंतर कमी होतं आणि एफसीएनआरचं पारडं जड होतं.

(एकेकाळी आखातात चलन म्हणून आपला रुपयाच चालायचा, रिझर्व्ह बँकेने खास छापलेल्या नोटांचा. जून १९६६ मध्ये डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० झाला, तेव्हा फटका तिकडच्या लोकांना बसला आणि उरलेल्या बहुतेक अमिरातींनी तो सोडून दिला.)

माझं मत असं, की रुपया कुठे जाणार याचा अंदाज बांधण्याऐवजी पैसा कशासाठी आहे ते आधी ठरवा. दोन वर्षांत चिऱ्याचं घर बांधायचं आहे, बहिणीचं लग्न आहे, हापूसची कलमं लावायची आहेत, तर खर्च रुपयांतच होणार. चिरा इथल्याच खाणीतला, गवंडी गावातला. इथे सरळ एनआरई घ्या. मुलांना बाहेर शिकवायचं असेल किंवा पैसा पुन्हा तिकडेच लागणार असेल, तर एफसीएनआर.

घरचा मासेमारीचा ट्रॉलर हर्णै बंदराला लागत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. देशाला लागणारं कच्चं तेल ८५ टक्क्यांच्या वर आयात होतं, त्यामुळे डिझेलचा खर्च डॉलरला बांधलेला आहे. पंपावर तो रोज दिसत नाही, एवढंच. बागेला लागणारं पोटॅश खतही बाहेरूनच येतं. अशा घराने एक हिस्सा डॉलरमध्ये ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

मुलगा लवकरच कायमचा परत येणार असेल तरी एफसीएनआर बरी. ती मुदत संपेपर्यंत तशीच ठेवता येते. एनआरई मात्र परतल्यावर निवासी खातं करून घ्यावं लागतं आणि पुढचं व्याज करपात्र होतं.

गावच्या घरावर गृहकर्ज चालू असेल तर दोन्ही ठेवी बाजूला ठेवा. कर्जाचा दर सहसा ठेवीपेक्षा जास्तच असतो आणि बदलत्या दराचं कर्ज लवकर फेडायला दंड नाही. ठेवीऐवजी सोनं घ्यावं म्हणाल, तर त्याचा भाव मुळात डॉलरवर चालतो, वर व्याज नाही, आणि आयातशुल्क सरकारच्या हातात: जुलै २०२२ मध्ये ते १५ टक्के झालं, जुलै २०२४ मध्ये ६ टक्क्यांवर आलं.

आईच्या नावावर ठेव केली तर व्याज तिच्या उत्पन्नात धरतात, पण ज्येष्ठ नागरिक म्हणून दर थोडा जास्त मिळतो. बायकोच्या नावावर केली तर मुलाच्याच उत्पन्नात धरतात.

आणि पाठवण्याआधी दोन-तीन ठिकाणचा दर विचारा. दिरहममागे दहा पैशांचा फरक दहा हजारांवर हजार रुपयांचा होतो.